हायड्रोजनची रेषा दर रात्री सरकते: वर्णपटाचं कॅलिब्रेशन कुठे बिघडतं आणि ते कसं पकडायचं

तक्रार नेहमीची आहे. काल व्याधाच्या वर्णपटात हायड्रोजन-अल्फा ही लाल रेषा बरोबर 6563 अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) होती, आज तोच तारा, तेच ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच), तोच कॅमेरा, आणि रेषा 6590 वर. स्लिटवाल्या, म्हणजे प्रकाश अरुंद फटीतून घेणाऱ्या, वर्णपटमापकावर हा फरक एक-दोन अँगस्ट्रॉमचा असतो, पण डोकेदुखी तेवढीच. कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेल्या रेषांच्या दिव्यावरून कुठला पिक्सेल किती तरंगलांबीचा ते ठरवणारा वक्र बसवणं. सॉफ्टवेअरमध्ये त्या फिटची चूक 0.03 पिक्सेल दाखवत असते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि दोष ताऱ्यावर ढकलतो.

त्या आकड्यावर विसंबू नका. फिटची चूक कमी असली तर एवढंच कळतं की दिव्याच्या निवडलेल्या रेषा वक्रावर नीट बसल्या. ताऱ्याचा प्रकाश त्याच वक्रावर पडला का, हे ती सांगत नाही. सहा रेषा घेऊन पाचव्या घाताची बहुपदी बसवली तर चूक शून्यच येणार, कारण गुणक सहा आणि बिंदूही सहा. एखादी रेषा चुकीची ओळखली असली तरी शून्यच येईल. खरी तपासणी ताऱ्याच्या स्वतःच्या फ्रेमवर करावी लागते, आणि तिची खूण आपल्या डोक्यावरच्या हवेने आधीच करून ठेवलेली असते.

आधी निदान

ताऱ्याच्या वर्णपटात वातावरणातल्या ऑक्सिजनचे दोन पट्टे दिसतात. एकाची धार 6867 च्या आसपास असते, दुसऱ्याची 7594 च्या. ते ताऱ्याचे नसल्याने ताऱ्याच्या वेगाने हलत नाहीत. सौरकेंद्री दुरुस्ती (पृथ्वीचा वेग हिशेबातून काढणं) करण्याआधी हे पट्टे कुठे पडतात ते बघा. आधीच बघायचं, कारण त्या दुरुस्तीत सगळा वर्णपट सरकतो आणि हवेच्या रेषाही सोबत जातात.

पट्टा जागेवर आणि हायड्रोजन सरकलेला असेल, तर यंत्र ठीक आहे. ताऱ्याचा वेग किंवा पृथ्वीचा वेग हिशेबात यायचा राहिलाय. पट्टाही सरकला असेल तर दोष यंत्रात किंवा कॅलिब्रेशनमध्ये आहे.

दुसरी खूण हायड्रोजनच्या दोन रेषांची तुलना. बीटा 4861.3 वर, अल्फा 6562.8 वर. वेगामुळे आलेलं सरकणं तरंगलांबीच्या प्रमाणात असतं, म्हणजे बीटाचं सरकणं अल्फाच्या 0.74 पट. यंत्र वाकल्यामुळे आलेलं सरकणं दोन्हीकडे साधारण सारख्याच पिक्सेलचं असतं. लाल बाजू बरोबर आणि निळी बाजू वाहवलेली असेल तर दिव्याच्या रेषा निळ्याकडे पुरेशा नाहीत. तीनही दोषांवर उपाय वेगळे आहेत, म्हणून निदानाआधी स्क्रू पिळायला घेऊ नका.

कशाने तरंगलांबी बिघडत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. गुऱ्हाळांच्या हंगामातला धूर, उसाच्या पट्ट्यावरचं पहाटेचं धुकं, पातळ ढग: यांनी प्रकाश कमी होतो, धुराने निळी बाजू जास्त मार खाते, पण रेषा जागची हलत नाही. धुक्याच्या रात्री रेषा सरकली असेल तर कारण बहुधा त्या रात्रीची थंडी असतं.

फिल्टरच्या आट्यावर बसणारं ग्रेटिंग: अर्ध्या आट्याचा घोळ

स्टार अ‍ॅनालायझर 100 सारख्या ग्रेटिंगमध्ये मिलिमीटरला 100 रेघा असतात. एका पिक्सेलला किती अँगस्ट्रॉम हे काढायचं सूत्र: 10000 गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले (रेघा गुणिले ग्रेटिंग ते सेन्सर अंतर मिलिमीटरमध्ये). पिक्सेल 3.75 मायक्रॉन आणि अंतर 60 मिलिमीटर असेल तर 6.25 अँगस्ट्रॉम प्रति पिक्सेल. शून्य क्रमाच्या प्रतिमेपासून, म्हणजे ताऱ्याच्या सरळ पडलेल्या ठिपक्यापासून, अल्फा 1050 पिक्सेलवर येते.

आता सव्वा इंची फिल्टरचा आटा बघा. त्याचा पिच 0.6 मिलिमीटर. ग्रेटिंग काल घट्ट बसवलं होतं आणि आज वर्णपट आडवा करण्यासाठी अर्धा फेरा सैल केलं, तर अंतर 0.3 मिलिमीटरने बदललं. 60 मधले 0.3 म्हणजे अर्धा टक्का, आणि 6563 चा अर्धा टक्का म्हणजे 33 अँगस्ट्रॉम. तक्रारीतलं 6563 चं 6590 होणं बहुतेक वेळा इथूनच येतं. अ‍ॅडॉप्टर बदलून अंतर पूर्ण 1 मिलिमीटरने हललं तर चूक 109 अँगस्ट्रॉम.

ग्रेटिंग कॅमेऱ्याच्या नळीतच बसवलेलं असेल तर फोकसरने हे अंतर बदलत नाही, कारण दोघं एकत्र हलतात. अंतर बदलतं ते आट्यात, मधल्या नळीत आणि फिल्टर व्हीलच्या सांध्यात. उपाय साधा: ग्रेटिंग एकदा आडवं लावून मागून लॉकिंग रिंग घट्ट करायची, कड आणि नळी दोन्हींवर पर्मनंट मार्करने एक सलग रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की जुनं कॅलिब्रेशन बाद. वर्णपट थोडा तिरपा आला तर कॅमेरा आणि ग्रेटिंग मिळून अख्खी नळी फोकसरमध्ये फिरवून काही फायदा नाही, तिरपेपणा तसाच राहतो. तो सॉफ्टवेअरमध्ये सरळ करा.

शून्य क्रमाचा ठिपका जळू देऊ नका. तेजस्वी तारा जळून पांढरा झाला की ठिपक्याचा मध्य नीट काढता येत नाही, आणि सगळं मोजमाप तिथूनच सुरू होतं. वर्णपटासाठी लांब एक्स्पोजर लागत असेल तर त्याच जागी एक छोटं एक्स्पोजर वेगळं घ्या आणि ठिपक्याचा मध्य त्यातून काढा. मधल्या काळात दुर्बिणीचा ताऱ्यामागचा मागोवा सरकला तर हा उपाय फुकट जातो, म्हणून दोन्ही लागोपाठ घ्यायची.

चुकीची रेषा ओळखणं

नवख्यांच्या फाइलींमध्ये सर्वात जास्त आढळणारी चूक ही. 7594 चा ऑक्सिजनचा पट्टा खोल आणि ठसठशीत असतो. ज्या कॅमेऱ्यातलं अवरक्त प्रकाश अडवणारं फिल्टर काढलंय त्यात तोच आधी डोळ्यात भरतो आणि त्यालाच अल्फा समजलं जातं. उलट, नेहमीच्या डीएसएलआरमध्ये तो पट्टा दिसतच नाही आणि अल्फाही फिकट येते, मग बीटाला अल्फा म्हटलं जातं.

ओळख अंतरांच्या गुणोत्तरावरून पटवा. अल्फा ते बीटा 1701.5, बीटा ते गॅमा (4340.5) 520.8, गॅमा ते डेल्टा (4101.7) 238.8. म्हणजे पहिलं अंतर दुसऱ्याच्या 3.27 पट आणि दुसरं तिसऱ्याच्या 2.18 पट. पिक्सेलमध्ये मोजलेली अंतरं याच्या जवळपास आली नाहीत तर नावं चुकली आहेत, पुढे जाऊ नका. यासाठी तारा ए वर्गाचा (गरम, पांढरा) हवा: हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्याच्या उत्तररात्री अभिजित. आर्द्रा किंवा स्वाती निवडून हायड्रोजन शोधत बसू नका. थंड ताऱ्यांत बाकीच्या रेषांची इतकी गर्दी असते की नवख्याला हायड्रोजन सापडत नाही.

दिवे: बाजारातून काय आणायचं

निऑनसाठी स्विचबोर्डचा इंडिकेटर किंवा लाइन टेस्टरमधला छोटा बल्ब पुरतो. पण हल्ली दुकानात मिळणारे बरेच इंडिकेटर एलईडीचे असतात आणि बाहेरून तसेच लाल दिसतात. घेण्याआधी जुन्या सीडीवर त्याचं प्रतिबिंब बघा. सुट्या नारिंगी-लाल रेषा दिसल्या तर निऑन. लाल रंगाचा सलग फराटा दिसला तर एलईडी, तो आपल्या कामाचा नाही.

निऑनच्या उपयोगी रेषा: 5852.49, 5944.83, 6143.06, 6217.28, 6266.50, 6334.43, 6402.25, 6506.53, 6532.88, 6598.95, 6678.28, 6929.47, 7032.41. अल्फासाठी 6506, 6532 आणि 6598 या तिघी दोन्ही बाजूंनी कुंपण घालतात, म्हणून त्या सोडायच्या नाहीत.

मेख अशी की 5852 च्या खाली निऑनच्या ठळक रेषा जवळजवळ नाहीत. त्यामुळे फक्त निऑनवर तिसऱ्या घाताचा वक्र बसवला की लालमध्ये तो सुरेख बसतो, आणि 4340 पाशी पोचेपर्यंत कुठल्या कुठे गेलेला असतो. फिटच्या चुकीत हे दिसणारच नाही, कारण तिथे मोजायला बिंदूच नाही. निळ्यासाठी जुना सीएफएल दिवा आणा. त्यातल्या पाऱ्याच्या 4046.56, 4358.33 आणि 5460.74 या रेषा भरवशाच्या. 5460 च्या शेजारची 5424 जवळची हिरवी आणि 6116 जवळची लाल या पाऱ्याच्या नाहीत, नळीच्या आतल्या लेपाच्या आहेत. त्या रुंद आणि गुंतलेल्या असतात, कॅलिब्रेशनमध्ये घेऊ नका.

ट्यूबलाइटचा स्टार्टरही चांगला दिवा ठरतो. आतल्या काचेच्या कुपीतला वायू कंपनीगणिक बदलतो. ज्यात आर्गॉन असतो त्यात 6965.43, 7067.22, 7503.87 आणि 7635.11 मिळतात. डबी उघडून आतला छोटा कपॅसिटर कापून टाका. कुपीच्या ओळीत 22 किलोओमचे, 2 वॅटचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा. कुपी उघडझाप करायला लागली तर आतली द्विधातूची पट्टी तापून चिकटतेय असं समजा आणि तिसरा रेझिस्टर वाढवा. हे 230 व्होल्टवर चालतं आणि दुर्बिणीची नळी दवाने ओली असते, म्हणून सगळी जोडणी बंद प्लास्टिकच्या डबीत करायची, उघडा सांधा एकही ठेवायचा नाही, आणि ज्या बोर्डावर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नाही तिथून वीज घ्यायची नाही. हाताला जोडणीची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे जिथे अजून आहेत तिथे फुकटचा दिवा म्हणून 5890 आणि 5896 वापरायचा मोह होतो. उच्च दाबाच्या सोडियम दिव्यात या दोन रेषा मधोमध काळ्या पडून दोन्ही बाजूंना पसरलेल्या असतात, त्यामुळे मध्य धरता येत नाही. त्याच दिव्यातल्या 5682.6 आणि 5688.2 यांचा उपयोग होतो.

दिव्याच्या रेषाही जळू द्यायच्या नाहीत. 16 बिटच्या फ्रेममध्ये 65535 हे टोक, तर सर्वात उंच रेषा 45000 च्या आत ठेवा. फिकट रेषांसाठी वेगळं लांब एक्स्पोजर घ्या. घात किती घ्यायचा याचा माझा नियम असा: रेषांची संख्या गुणकांच्या किमान दुप्पट. तिसऱ्या घाताला चार गुणक, म्हणजे आठ रेषा. रेषा कमी असतील तर घात उतरवा.

स्लिटवाला वर्णपटमापक: थंडी, वाकणं आणि दिव्याची जागा

इथे पिक्सेलची किंमत मोठी. 0.12 अँगस्ट्रॉम प्रति पिक्सेलच्या यंत्रात एक पिक्सेल म्हणजे अल्फापाशी साडेपाच किलोमीटर प्रति सेकंद.

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पारा सहज दहा अंश उतरतो, पन्हाळ्यावर वाराही असतो. थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये बनवलेल्या यंत्राची 200 मिलिमीटरची भिंत 10 अंशांत सुमारे 0.14 मिलिमीटर आकसते. तीच अ‍ॅल्युमिनियमची असती तर 0.05 मिलिमीटरहूनही कमी. एफ/8 च्या (फोकल लांबी तोंडाच्या आठपट असलेल्या) किरणांत 0.14 मिलिमीटर फोकस सरकला की रेषा 17 मायक्रॉन फुगते, म्हणजे 3.75 मायक्रॉनचे चारहून जास्त पिक्सेल. सांगाडा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ-मिलिंगवर अ‍ॅल्युमिनियममध्ये करून घेणं परवडत असेल तर ग्रेटिंगचा माउंट आणि तळाची पट्टी एवढं तरी करून घ्या. आणि पीएलएचं यंत्र एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत ठेवू नका. ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि एकदा वाकलं की त्याचं प्रत्येक कॅलिब्रेशन नव्याने करावं लागतं.

नुसत्या फुगण्याने रेषेचा मध्य हलू नये, पण हलतो. ताऱ्याचा प्रकाश आरशाच्या पूर्ण तोंडातून येतो आणि दिव्याचा प्रकाश बऱ्याचदा यंत्राच्या बाजूच्या भोकातून तिरपा शिरतो. दोघं भिंगाचा वेगवेगळा भाग वापरतात, आणि फोकस सुटला की दोघांचे मध्य एकमेकांपासून सरकतात. म्हणून दिवा दुर्बिणीच्या तोंडासमोर लावावा. दव-टोपीवर बटर पेपर ताणून त्याच्यामागे दोन-तीन निऑन बल्ब ठेवले की झालं. एक्स्पोजर अनेक पटींनी लांबतं, ते सोसा.

फोकस संध्याकाळी एकदा करून सोडू नका. यंत्र निदान तासभर उघड्यावर निवू द्या, मग निऑनच्या 6598.95 या रेषेची रुंदी बघत फोकस करा, आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा तपासा.

वाकण्याचा दोष ताऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. शर्मिष्ठा तारकासमूहातली गॅमा (इथे रेषा नव्हे, तारा) ही बी-उत्सर्जन ताऱ्यांच्या, म्हणजे हायड्रोजनच्या रेषा उजळ दिसणाऱ्या गरम ताऱ्यांच्या, निरीक्षकांची लाडकी, कोल्हापूरहून जास्तीत जास्त 46 अंश चढते. ती मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेघ) ओलांडते तेव्हा जर्मन माउंट (दुर्बिणीचा एक प्रकारचा फिरता आधार) उलटतो आणि यंत्राचा भार दुसऱ्या बाजूला येतो. उलटण्याआधीचा दिवा नंतरच्या फ्रेमना चालत नाही. क्रम असा ठेवा: दिवा, 15 ते 20 मिनिटं तारा, पुन्हा दिवा, दुर्बीण जागची न हलवता. दोन्ही दिव्यांतला फरक वेळेप्रमाणे वाटून घ्या. फरक नेहमी एकाच दिशेने वाढत असेल तर तापमान, तारा बदलला की उडी मारत असेल तर सैल स्क्रू. कॅमेऱ्याची जड केबल लोंबत असेल तर आधी ती नळीला बांधा. निम्म्या उड्या तिथेच थांबतात.

दिव्याच्या रेषा फ्रेममध्ये थोड्या तिरप्या किंवा धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात. ताऱ्याचा वर्णपट 410 ते 420 या ओळींवर आणि दिव्याची बेरीज 300 ते 500 वर केली तर रेषेचा मध्य सरकतो. दिवाही ताऱ्याच्याच ओळींतून काढा. एवढ्याने बहुतेकांचा अर्ध्या पिक्सेलचा गूढ फरक मिटतो.

ताऱ्याची प्रतिमा स्लिटपेक्षा बारीक असेल तर तो स्लिटच्या एका काठाला बसूनही रेषा सरकवतो, आणि दिवा मात्र पूर्ण स्लिट भरतो. हवा अगदी शांत असलेल्या रात्री रुंद स्लिटवर हा दोष जास्त दिसतो. गाइडिंगची (तारा जागेवर धरून ठेवण्याची) खूण मधोमध ठेवा, अरुंद स्लिट वापरा. क्षितिजाजवळच्या ताऱ्यांना आणखी एक अडचण. दक्षिणेकडचा इटा कॅरिनी हा तारा इथून जेमतेम साडेतेरा अंश चढतो. इतक्या खाली हवाच ताऱ्याचे रंग उभे पसरवते आणि निळा व लाल भाग स्लिटवर वेगळ्या जागी पडतात. तिथे स्लिट उभी, क्षितिजाला काटकोनात ठेवणं हाच उपाय.

हवेतल्या बाष्पाच्या रेषा

0.12 च्या यंत्राला आणखी बारीक कसोटी मिळते. अल्फाच्या आजूबाजूला बाष्पाच्या रेषा असतात: 6543.9, 6548.6, 6552.6, 6557.2, 6572.1 आणि 6574.8. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, आपल्याकडे त्या खोल येतात. थंडीच्या कोरड्या रात्री फिकट पडतात. मघासारखा वेगाने फिरणारा गरम तारा घ्या. त्याच्या स्वतःच्या रेषा रुंद आणि पसरट असतात, त्यामुळे हवेच्या बारीक रेषा स्वच्छ उठून दिसतात. या सहांची सरासरी चूक काढून तेवढा वर्णपट सरकवणं हा दिव्यापेक्षाही प्रामाणिक उपाय आहे, कारण तो प्रकाश ताऱ्याच्याच वाटेने आलेला असतो.

संध्याकाळचं निळं आकाश हीसुद्धा चांगली कसोटी. सूर्य मावळल्यावर लगेच दुर्बीण वर करून फ्रेम घ्या. लोहाच्या 6546.24, 6569.21 आणि 6592.91, आणि सूर्याची अल्फा 6562.81 यांवर बसली की यंत्र रात्रीसाठी तयार.

हिशेबातले दोष

पट्टा जागेवर असूनही तारा सरकलेला असेल तर इथे बघा. पृथ्वीच्या परिक्रमेमुळे वर्षभरात साधारण उणे 30 ते अधिक 30 किलोमीटर प्रति सेकंद फरक पडतो, म्हणजे अल्फापाशी दोन्हीकडे 0.66 अँगस्ट्रॉम. दुरुस्तीचं चिन्ह उलटं पडलं तर चूक दुप्पट होते. सॉफ्टवेअरने दुरुस्ती आधीच केलेली असते आणि हाताने पुन्हा केली जाते, हेही नित्याचं. फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) तशी नोंद आहे का ते आधी वाचा. कॅमेऱ्याने भारतीय वेळ लिहिली आणि सॉफ्टवेअरने ती जागतिक मानली तर साडेपाच तासांचा घोळ होतो, पण त्याचा परिणाम 1 किलोमीटर प्रति सेकंदाच्या आतच राहतो. मोठ्या चुकीचं खापर वेळेवर फोडू नका.

सगळ्या रेषा, हवेच्यासुद्धा, लाल बाजूला अधिक 1.8 अँगस्ट्रॉमने सरकलेल्या दिसल्या तर दिव्याच्या तरंगलांब्या निर्वातातल्या घेतल्या आहेत आणि तुलना हवेतल्या आकड्यांशी चालली आहे. अल्फा निर्वातात 6564.6 असते, हवेत 6562.8. वेगाच्या भाषेत हा फरक 80 किलोमीटर प्रति सेकंदाहून जास्त, आणि त्यावर उत्साहाने अहवाल लिहिले जातात. एकच यादी वापरा, हवेतलीच.

बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र जोडणं) किंवा फ्रेमची कापणी बदलली तर जुनं कॅलिब्रेशन चालत नाही. मे महिन्यात साठवलेली कॅलिब्रेशनची फाइल दिवाळीनंतर उघडून तशीच लावणं तर टाळाच. मधल्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत यंत्र डब्यात होतं, दमट हवेत होतं, स्क्रू सैल झालेत. पहिल्या कोरड्या रात्री ग्रेटिंगवर बुरशी आणि स्लिटच्या काठावर धूळ आहे का ते बघून सगळं पहिल्यापासून करा. ग्रेटिंगच्या पृष्ठभागाला कापूस किंवा कापड लावू नका, फक्त हातपंपाने हवा मारा.

एवढं करूनही दिव्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमात अर्ध्या पिक्सेलहून जास्त फरक राहिला आणि वर्णपटात हवेची एकही रेषा धरता आली नाही, तर त्या रात्रीचा वेग कुणाला कळवू नका. रेषेचा आकार आणि उत्सर्जनाची उंची मात्र तरीही वापरता येते, तेवढीच नोंद ठेवा.